घरच्या घरी, कमी खर्चात स्वच्छ आवाज कसा रेकॉर्ड करायचा? (भाचीसाठी पुस्तकं वाचायची आहेत)

ओवी

नमस्कार मंडळी. माझी भाची लातूरला बी.ए. करते, विषय इतिहास. तिला दिसत नाही. पुस्तकं स्कॅन करून फोनकडून वाचून घेते. पण जुन्या मराठी छपाईत जोडाक्षरं तुटतात, तळटिपा वाक्याच्या मध्येच घुसतात आणि सनावळ्यांचा तर पार चुथडा होतो. म्हणून तिची संदर्भपुस्तकं मीच वाचून, रेकॉर्ड करून द्यायची असं ठरवलंय.

मी डोंबिवलीत राहते. वन बीएचके, तिसरा मजला. फोनवर एक नमुना करून पाहिला. शब्द कळतात, पण आवाज घुमतो आणि मागे सतत सूंऽऽ असं काहीतरी चालू असतं. तासभर ते ऐकून कान किटतील, आणि तिला तर परीक्षेसाठी तेच परत परत ऐकायचंय. बजेट ३,००० रुपयांच्या आत. मैत्रीण म्हणते कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा) घे, सगळे तोच घेतात. स्टुडिओ भाड्याने घेणं शक्य नाही, काम काही महिने चालणार आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

खरजातला_सा

ओवीताई, फार चांगलं काम हाती घेतलंय. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माइक आत्ता घेऊ नका. आवाज घुमतो तो फोनमुळे नाही, खोलीमुळे. आपल्याकडे खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत एकदा थेट पोचतो आणि मग भिंतींवर आपटून, थोडा थोडा उशिरा, परत परत पोचत राहतो. महागातला माइक लावलात तर तो हे सगळं आणखी बारकाईने टिपेल.

घरातल्या प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. हॉलमध्ये टाळीनंतर बारीक 'टिर्रर्र' असं शेपूट ऐकू येईल. बेडरूममध्ये गादी, उशा, पडदे, कपड्यांचं कपाट असतं, तिथे टाळी लवकर मरते. जिथे सगळ्यात लवकर मरेल तीच तुमची रेकॉर्डिंगची खोली. खोलीच्या अगदी मधोमध मात्र बसू नका आणि भिंतीला तोंड करूनही बसू नका. कपाटाची दारं सताड उघडी टाका. टांगलेल्या साड्या आणि शर्ट आवाज छान पितात.

दुसरी गोष्ट अंतराची. माइकपासूनचं अंतर निम्मं केलंत की माइकवर थेट पडणारा तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे फोन टेबलावर दोन फुटांवर ठेवण्याऐवजी वीतभर अंतरावर आणलात तर एक पैसाही न खर्चता आठ-साडेआठ डेसिबलचा फायदा झाला. हा फायदा कुठलाही माइक विकत मिळवून देत नाही.

जर्सीवाली_मावशी

+१. मी इथे न्यू जर्सीत मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते, चक्क कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये बसून. इकडे घरं लाकडी, खाली गालिचा, त्यामुळे घुमणं कमी. पण हीटिंगचा ब्लोअर दर थोड्या वेळाने सुरू होतो, आणि तो बंद करायला थर्मोस्टॅटपर्यंत जावं लागतं. फ्रीजही बंद करते. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवून देते, म्हणजे बाहेर पडताना तो परत चालू करायचं हमखास आठवतं.

बुधवारपेठी

पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला फोम शीट मिळतात, त्या भिंतीवर चिकटवा. अंड्यांचे ट्रेसुद्धा चालतात असं ऐकलंय, ते तर फुकट.

खरजातला_सा

@बुधवारपेठी, अंड्यांच्या ट्रेने काहीही होत नाही. पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही, वर धूळ धरतो आणि आगीची भीती असते ती वेगळीच. एक इंची फोमचंही फारसं कौतुक नाही. तो वरच्या पट्टीचे आवाज शोषतो आणि खालचे तसेच सोडतो. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ३.४ मीटर असते, तिला इंचभर फोम काय अडवणार? परिणामी आवाजाची चमक जाते, घुमारा राहतो, आणि बोलणारा डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. जाड, जड आणि भिंतीपासून जरा सुटं असलेलं कापड यापेक्षा कितीतरी चांगलं काम करतं.

म्हणजे काय, तर गोधडी. जुन्या लुगड्यांची, चांगली चार-पाच थरांची. तिला तोड नाही.

कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड घरात असेलच. तो उघडून उभा करा, वर दोन जाड गोधड्या किंवा रजया टाका. आता महत्त्वाचं: हा स्टँड तुमच्या पाठीमागे ठेवा. लोक नेहमी माइकच्या मागे कापड लावतात, कारण डोळ्यांसमोर तेच असतं. पण बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतात. माइकच्या समोर काय आहे? तुम्ही, आणि तुमच्या मागची भिंत. त्या भिंतीवरून येणारा आवाज सरळ माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून पहिली गोधडी पाठीमागे, दुसरी बाजूला, तिसरी असलीच तर माइकच्या मागे. टेबलावर घडी केलेला टॉवेल पसरा, पुढ्यातल्या लाकडावरूनही आवाज उसळतो. फोन किंवा कॉलरचा माइक वापरत असाल तर तो चहूबाजूंनी ऐकतो, मग मागेपुढे दोन्हीकडे गोधडी हवी.

ओवी

सासूबाईंनी शिवलेल्या तीन गोधड्या आहेत, स्टँडही आहे. आज रात्री करून बघते. आणि ते सूंऽऽ?

वाशिष्ठीकाठ

ताई, आधी पंखा बंद. तोच बहुतेक. उन्हाळ्यात जीव जातो हे मान्य, पण पंखा चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग नंतर साफ करणं त्याहून जड जातं. पानभर वाचायचं, पंखा लावायचा, घाम पुसायचा, परत बंद करून पुढचं पान.

आमच्याकडे चिपळूणला पत्र्यावर पाऊस पडायला लागला की दिवसभर माइक काढायची सोय नाही. मी पावसाळ्यात फक्त एडिटिंग करतो आणि वाचन दिवाळीनंतर उरकतो. अजून एक, दमट हवेत कंडेन्सर माइक कधीकधी खरखरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा. समुद्राजवळच्यांनी हे नक्की करावं.

खरजातला_सा

बरोबर. पंखा बंद करूनही बारीक गुणगुण राहिली, तर लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना चार्जर काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलेल्या सॉकेटवर दोन पिनांचा चार्जर असला की ५०, १००, १५० हर्ट्झची गुणगुण माइकच्या वायरीत उतरते. चार्जर काढल्यावर थांबली तर कारण सापडलं, बॅटरीवर काम करा. फोनवर करत असाल तर विमान मोड लावा.

वेळेचं म्हणाल तर रात्री साडेदहा-अकरानंतर किंवा पहाटे पाचच्या आधी. सकाळी कुकर, दूधवाला, शाळेच्या बस. चैत्रात कोकीळ पहाटेच सुरू होते, तिला कोण काय बोलणार. मालगाडी आली तर थांबा, जाऊ द्या, आणि अख्खं वाक्य पहिल्यापासून घ्या. अर्ध्या वाक्यापासून उचललेलं नंतर कानाला कळतं.

निवृत्त_निवेदक

बरीच वर्षं आकाशवाणीवर वाचन केलं, त्यातले चार शब्द सांगतो.

माइकसमोर बसण्याआधी दुधाचा चहा नको, घसा चिकट होतो. साधं पाणी, तेही घोटघोट. तोंड कोरडं पडलं की जीभ सुटताना 'टच् टच्' आवाज येतो. हिरव्या सफरचंदाची एक फोड खाल्ली की तो बराच कमी होतो. खुर्चीच्या कडेवर ताठ बसा, पाठ टेकली की श्वास आखूड होतो. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ काढून ठेवा. सुती कपडे घाला, कडक ओढणीची सळसळ रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येते.

आम्ही पानं टाचत नसू. सुटी पानं एकाच बाजूला लिहिलेली, वाचून झालं की हलकेच बाजूला सरकवायची, उलटायची नाहीत. पुस्तकाला हे लागू नाही, म्हणून पान उलटताना थांबा, उलटा, आवाज शांत होऊ द्या आणि मग पुढे वाचा. मधला तुकडा कापता येतो. शब्दावर आलेली कागदाची सळसळ कापता येत नाही.

आता प, फ, ब, भ. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि म्हणा, "पहाट फटफटली, भाकरी भाजली." हातावर हवेचे फटके बसतील. माइकवर त्याचे 'धप्प धप्प' होतात. हात तसाच थोडा बाजूला, ओठाच्या कोपऱ्याच्या रेषेत न्या आणि परत म्हणा. आवाज तितकाच आहे, पण हवा लागत नाही. माइकची जागा तीच. समोर नाही, जरा तिरका.

जर्सीवाली_मावशी

काका, किती सोपं करून सांगितलंत! मी भरतकामाच्या गोल रिंगमध्ये जुन्या पातळ मोज्याचं कापड ताणून माइकपुढे लावते, विकतच्या जाळीचं काम तेच करते. तुमचा तिरका माइक आणि हे दोन्ही एकत्र केलं की प-फ चा त्रासच उरत नाही.

अक्षरवेल

विषय थोडा वेगळा, पण ओवीताईंच्या कामाचा. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचन करणाऱ्या एका गटात आहे. कॉपीराइटची काळजी वाटत असेल तर सांगते. प्रताधिकार कायद्यात (१९५७) २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये स्पष्ट अपवाद आला: अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं, तिच्या अभ्यासासाठी, खासगी वापरासाठी, संशोधनासाठी. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा जगातला पहिला देश आपलाच, २०१४ साली. त्यामुळे भाचीसाठी बिनधास्त वाचा. फक्त हेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकू नका. अपवाद अपंग वाचकांसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

आणि सुरू करण्याआधी 'सुगम्य पुस्तकालय' बघा. दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासून. तिथे पुस्तक आधीच असेल तर तुमचे कष्ट दुसऱ्या पुस्तकासाठी वाचतील.

ओवी

हे माहीतच नव्हतं. मनःपूर्वक आभार!

काल रात्री गोधड्या लावल्या. पाठीमागे एक, उजवीकडे एक, पंखा बंद, फोन उशीच्या उतरंडीवर वीतभर अंतरावर. फरक इतका आहे की यजमानांना वाटलं मी नवीन माइकच आणला. घुमणं जवळजवळ गेलं. सूंऽऽ पण गेलं, पंखाच होता. आता माइक घ्यावा का?

खरजातला_सा

आता घ्या. आता माइकचा पैसा वसूल होईल.

फोनवरच काम करायचं असेल तर बोया बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा माइक घ्या. सहसा हजाराच्या आसपास मिळतो. वायर तब्बल ६ मीटर. मधल्या डबीत एलआर४४ ही बटण बॅटरी आणि फोन किंवा कॅमेरा असं निवडायचं बटण असतं. फोनच्या बाजूला बटण असताना बॅटरी लागत नाही. हनुवटीखाली वीतभर लावा. तुमच्या फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल. अगदी स्वस्तातले काही अडॅप्टर माइक ओळखतच नाहीत, दुकानातच लावून, बोलून बघा.

लॅपटॉप असेल तर तुमच्या बजेटमध्ये यूएसबीचे साधे माइक येतात. ज्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (वायरीतूनच माइकला मिळणारी वीज) लागते असा स्टुडिओचा कंडेन्सर घेतलात तर ऑडिओ इंटरफेसही (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) घ्यावा लागतो, बजेट तिथेच संपतं. ब्लूटूथ इअरबड्सच्या माइकवर तर मुळीच करू नका. माइक चालू झाला की त्यातला आवाज फोन कॉलच्या दर्जावर घसरतो, स आणि श मधला फरकसुद्धा पुसट होतो.

बुधवारपेठी

डायनॅमिक माइक खोलीचा आवाज कमी उचलतो ना? मग तोच बरा नाही का? गायकांच्या हातात दिसतो तो एसएम५८ वगैरे.

खरजातला_सा

हे अर्धंच खरं. एसएम५८ १९६६ पासून चालत आलेला, आपटला तरी न मरणारा माइक. तो खोली कमी ऐकतो, कारण आपण त्याला ओठांजवळ धरतो. तोच दीड फुटावर ठेवा आणि आवाज वाढवा, खोली तितकीच ऐकू येईल. कंडेन्सरही चार बोटांवर आणला की खोली कमीच देतो. शेवटी गोष्ट अंतरावर येते. जवळ आणताना एक लक्षात ठेवा, कार्डिऑइड माइक तोंडाजवळ आला की खर्ज फुगतो. बातम्या वाचणाऱ्याला भारदस्त वाटतं, पण दोन तास ऐकणाऱ्याला जड होतं. वीतभर अंतर अभ्यासाच्या वाचनाला ठीक.

सेटिंग थोडक्यात: मोनो (एकच चॅनेल), ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल). सगळ्यात जोरात वाचलेला शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये यावा. शून्याला टेकला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. हळू असेल तर नंतर वाढवता येतो.

वाशिष्ठीकाठ

एडिटिंगला ऑडॅसिटी, फुकट आहे. माझा क्रम असा: सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. मग ८० हर्ट्झखालचं कापायचं, ट्रक आणि मालगाडीची घरघर तिथे असते. मग त्या दहा सेकंदांवरून नॉइज रिडक्शन, पण हलक्या हाताने, ६ ते ८ डेसिबल. जास्त दिलं की शब्दांच्या कडा पाण्यात बुडल्यासारख्या येतात. शेवटी आवाजाची पातळी सारखी करायची.

वाचताना चुकलं तर रेकॉर्डिंग थांबवू नका. चुटकी वाजवा, वाक्य परत वाचा. पडद्यावर चुटकीचा उंच सुळका दिसतो, तेवढे सुळके शोधून कापायचं. लॅपटॉपवर शिफ्ट आणि डी दाबलं की ऑडॅसिटी थोडं मागचं ऐकवून तिथूनच पुढे रेकॉर्ड करतं. सवय झाली की एडिटिंगचा वेळ खूपच कमी होतो.

अक्षरवेल

व्यावसायिक ऑडिओबुकसाठी एसीएक्सचे (ऑडिबलचं ऑडिओबुक बनवण्याचं व्यासपीठ) निकष आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च उणे ३ च्या खाली, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. घरच्या कामाला हे बंधन नाही, पण सगळी प्रकरणं एकाच पातळीवर ठेवायला लक्ष्य म्हणून बरं. पाठवताना एमपी३ मोनो ६४ केबीपीएस पुरतं. तासाभराची फाइल जेमतेम २९ एमबी होते, डब्ल्यूएव्ही असती तर ३१८ झाली असती. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आमच्या गटातल्या विद्यार्थ्यांनीच आम्हाला शिकवलं. हे श्रोते आपल्या वेगाने ऐकत नाहीत. दीडपट, दुप्पट, काही जण त्याहून वेगाने ऐकतात. त्यामुळे नाट्यमय चढउतार नकोत, पार्श्वसंगीत तर नकोच. शब्दाचा शेवट गिळायचा नाही. पान बदललं की पान क्रमांक सांगायचा, म्हणजे उत्तरात संदर्भ देता येतो. तळटीप वाक्य संपल्यावर: "तळटीप... तळटीप समाप्त." विशेषनाम पहिल्यांदा आलं आणि शुद्धलेखन महत्त्वाचं असेल तर एकदा अक्षरं फोडून सांगायची. तिला पेपर लिहायचाय.

निवृत्त_निवेदक

अक्षरवेल, तुमचं म्हणणं पटलं. पण अगदी सपाटही वाचू नये. वाक्यात कशावर भर आहे ते वाचणाऱ्याला कळलेलं असेल तरच ऐकणाऱ्याला कळतं. म्हणून प्रकरण आधी एकदा मनात वाचावं. आडनावं, गावांची नावं, त्यातला च आणि ज कसा उच्चारायचा हे माहितगाराला विचारून पेन्सिलीने खूण करावी. नाव एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरं ऐकू आलं तर ऐकणाऱ्याला दोन वेगळी माणसं वाटतात.

ओवी

कॉलरचा माइक घेतला. पहिलं प्रकरण वाचून, साफ करून भाचीला पाठवलं. तिचा निरोप जसाच्या तसा: "मावशी, पावणेदोन पटीवर ऐकलं, एकही शब्द सुटला नाही. पण एका फाइलमध्ये अख्खं प्रकरण नको, उपशीर्षकाला फाइल तोड. आणि फाइलच्या नावात आधी आकडा घाल, नाहीतर फोन क्रम उलटासुलटा लावतो."

त्याप्रमाणे ०१, ०२, ०३ अशी नावं दिली आहेत. आता अडलंय ते कोष्टकांवर. तहाच्या अटी, सन, प्रदेश असं चार रकान्यांचं कोष्टक कसं वाचावं?

अक्षरवेल

आधी सांगा: "कोष्टक, चार रकाने, सहा ओळी." मग रकान्यांची नावं एकदा. नंतर आडवी ओळ पूर्ण वाचा, आणि प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव घ्या: "सन, अठराशे दोन. प्रदेश, अमुक." पुनरुक्ती वाटेल, पण तिला वरचं शीर्षक बघता येत नाही. कोष्टकाला वेगळी फाइल करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच हवी असते.